उलटा बसवलेला रेणू

३ मार्च

प्रयोगशाळेच्या वहीत पानांना आकडे घातलेले असतात आणि प्रत्येक पानाखाली साक्षीदाराची सही लागते. त्या वहीत हे लिहिता येत नाही. म्हणून नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानातून ही वही उचलून आणली. आत नुसत्या रेघा आहेत. सही कुणाची लागत नाही.

आज सकाळी पावणेअकरा वाजता मला कळलं की दोन वर्षांपूर्वी मी रेणू उलटा बसवला होता.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं. चहा करून आले. आता सविस्तर लिहिते, कारण डोक्यात नुसता कालवा आहे आणि लिहिलं की क्रम लागतो.

आमच्याकडे पाहुणे आले की काका त्यांना सांगतात ते असं: शरीरात किनेज नावाची पाचशेच्या वर प्रथिनं आहेत. ती इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतात आणि कामाला लावतात. सगळी एकाच घरातली, तोंडवळा सारखा. त्यातली एक धाकटी बिघडली की बोन मॅरो वेड्यासारखं रक्त तयार करत सुटतो आणि माणूस हळूहळू संपतो. तिला गप्प बसवायचं. पण तिची थोरली बहीण, हुबेहूब तिच्यासारखी, हृदयाचे ठोके सांभाळते. तिला धक्का लागता कामा नये. "म्हणजे धाकटीचं तोंड दाबायचं आणि थोरलीला पत्ता लागू द्यायचा नाही!" असं म्हणून काका स्वतःच आधी हसतात.

काका आमचे रसायनज्ञ. सत्तावन्न वर्षांचे. सगळी इमारत त्यांना काकाच म्हणते, आमच्या प्रमुख मॅडमसुद्धा, आणि मॅडम त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठ्या आहेत. मला ते स्फटिकबाई म्हणतात. मी धाकटीचे स्फटिक वाढवते, काकांचा रेणू त्यात मुरवते, स्फटिकावर एक्स-रे टाकते, आणि त्यातून जो नकाशा निघतो त्यात रेणू कसा बसला आहे ते दाखवते. त्यावरून काका पुढचा रेणू रचतात. मी बघायचं आणि त्यांनी करायचं, अशी वाटणी.

दोघी बहिणींत फरक एवढाच: रेणू जिथे जाऊन बसतो त्या खाचेच्या तळाशी धाकटीला एक बारीक फट आहे. थोरलीची ती फट बुजलेली आहे. रेणूला शेपूट लावून ते फटीत घुसवलं की तो धाकटीलाच बसेल, थोरलीला नाही. आमचा रेणू लांबट, दोन्ही टोकं जवळजवळ सारखी, फक्त एका टोकाला फ्लोरिनचा अणू. मी दाखवलं होतं की फ्लोरिनचं टोक फटीकडे आहे. काकांनी त्या टोकाला शेपट्या लावल्या. एक नाही, दोन नाही, एकशे बेचाळीस.

आज पहिल्यांदाच इतका चांगला स्फटिक मिळाला की नकाशात अणू मोजून घ्यावेत. फ्लोरिनचं टोक बाहेर आहे. पाण्याकडे. दोन वर्षं काकांच्या शेपट्या फटीत नव्हत्याच, बाहेर पाण्यात लोंबत होत्या.

नकाशा बंद केला. पुन्हा उघडला. तसाच होता.

४ मार्च

सकाळी जाऊन सांगायचं असं ठरवून निघाले. वाक्यसुद्धा तयार होतं. मी पर्स ठेवते न ठेवते तोच काकाच माझ्या खोलीत आले, हातात आकड्यांचा कागद.

"स्फटिकबाई, हे बघ. छोटं शेपूट लावलं, लांब लावलं, जाड लावलं, वाकडं लावलं. धाकटीवर परिणाम तोच. थोरलीवरही तोच. काडीचा फरक नाही. जणू शेपूट कुठे लागतच नाहीये."

मी कागद बघत राहिले.

"तुला त्या टोकाची खात्री आहे ना गं?"

"हो," मी म्हटलं.

एका श्वासात. विचार करायला वेळ लागला असता तर कदाचित दुसरं काही बोलले असते. ते "बरं" म्हणाले, कागदाची घडी केली आणि गेले. वाक्य तयार होतं ते तसंच राहिलं. उद्या सांगते.

९ मार्च

पाच दिवस झाले. या वहीतसुद्धा मी खोटं लिहिलंय, ते आधी दुरुस्त करते.

"कळलं" असं मी लिहिलं. नुसतं कळलं नाही. मला दोन वर्षांपूर्वीच शंका होती.

नकाशा पडद्यावर निळ्या जाळीसारखा दिसतो. त्यावर संगणक आणखी दोन रंग काढतो. आपण अणू ठेवला आणि तिथे काही नसेल तर लाल. अणू असायला हवा आणि आपण ठेवला नसेल तर हिरवा. त्या दिवशी फ्लोरिनवर लहानसा लाल डाग होता, आणि दुसऱ्या टोकाला तेवढाच हिरवा. तेव्हाचा स्फटिक बरा नव्हता, नकाशा पुसट होता. असे डाग पुसट नकाशात शंभर ठिकाणी येतात. पण एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला हिरवा म्हणजे काय, हे मी शिकाऊ मुलांना स्वतः शिकवते.

दुसऱ्या दिवशी मोठी बैठक होती. काका आठवडाभर म्हणत होते, "फ्लोरिन आत असेल तर मजा आहे बघ, दोन वर्षांत औषध!" माउसचं चाक दोनदा फिरवलं. नकाशात किती फिके डाग दाखवायचे ती पातळी वर गेली, दोन्ही डाग दिसेनासे झाले. रेणू देखणा दिसत होता. तेच चित्र मी बैठकीत दाखवलं, त्यावर टाळ्या पडल्या, आणि ते जगभरच्या संशोधकांसाठी खुल्या असलेल्या संग्रहात माझ्या नावानं जमा झालं.

आज कपाटातून ती जुनी वही काढली. पान सत्त्याहत्तर. "रेणूची दिशा निश्चित," असं माझ्या अक्षरात. खाली "वाचले व समजले", आणि काकांची सही. त्यांनी वाचलं ते माझं वाक्य. डाग त्यांना कुणी दाखवले होते?

१६ मार्च

कॅन्टीनमध्ये प्राण्यांची डॉक्टर समोर येऊन बसली. आमच्या तळमजल्यावर उंदरांच्या खोल्या आहेत, त्या तिच्या ताब्यात. सडेतोड बाई, पण आज चमच्यानं नुसती डाळ ढवळत बसली होती.

"काकांचा एकशे अठरा नंबर," ती म्हणाली. "काल तेवीस गेले. ठोके चुकायला लागले आणि चार तासांत गेले. मी उघडून बघितलं, हृदयाशिवाय बाकी सगळं ठणठणीत."

एकशे अठरा त्यातल्या त्यात बरा म्हणून काकांनी पुढे पाठवला होता. तो थोरलीला लागला. लागणारच होता.

"काकांना सांगितलंस?"

"सांगितलं. स्वतः खाली आले. प्रत्येक पिंजऱ्यावरचं कार्ड वाचलं. मग वर गेले."

ती गेल्यावर माझं ताट तसंच उचलून ठेवलं. तेवीस हा आकडा मी दिवसभर टाळत होते. लिफ्टमध्येसुद्धा मजल्यांची बटणं बघायला नको वाटलं, आणि आमच्या इमारतीला मजले पाचच आहेत.

२४ मार्च

सुट्टी. दुपारी दुकानात नवऱ्याला मदत करायला गेले होते, तर दार ढकलून काका आत. "अहो, वाचायचा चष्मा बदलायचाय. हल्ली जवळचं नीट दिसत नाही." माझ्याकडे बघून म्हणाले, "काय स्फटिकबाई, इथेही?"

नवरा त्यांना खुर्चीत बसवून काचा बदलत होता. "हे स्पष्ट की हे? आता? आणि आता?" काका प्रत्येक वेळी मिनिटभर घ्यायचे. एकदा म्हणाले, "दोन्ही सारखंच दिसतंय. खरं सांगू का, मला कळत नाहीये."

"असं सांगणारे फार कमी," नवरा म्हणाला. "बहुतेकांना मला खूश करायचं असतं. मी जी काच लावीन तिला हो, दिसतंय, छान दिसतंय. मग महिन्याभरानं डोकं दुखतं म्हणून भांडायला येतात."

काका मोठ्यांदा हसले. "आणि तुम्हाला कळत नाही का, खरं बोलतायत की नाही?"

"कळतं की. पण मी म्हटलं तर माणूस चिडतो. त्यानं स्वतः म्हणायला हवं."

"बरोबर आहे," काका म्हणाले.

मी फ्रेम पुसत होते. एकच फ्रेम तिसऱ्यांदा पुसतेय हे लक्षात आलं तेव्हा खाली ठेवली. जाताना काका म्हणाले, "तुझ्या त्या जुन्या नकाशाच्या मूळ फायली मला देशील का? रिकामा वेळ आहे, नव्या चष्म्यानं बघतो." मी म्हटलं, शोधून देते. त्या फायली माझ्या पडद्यावरच आहेत. काकांना नकाशे वाचता येत नाहीत फारसे, त्यांचं ते कामच नव्हे. दिल्या तरी काय कळणार आहे त्यांना? पण दिल्या नाहीत.

२ एप्रिल

काकांनी एक कुपी आणून दिली. तळाला चिमूटभर पांढरी पूड.

"एक उगाचचा रेणू केलाय. सवड झाली की स्फटिकात घालून बघ."

कुपीवर रेणूचं चित्र चिकटवलेलं होतं. शेपूट दुसऱ्या टोकाला. फ्लोरिनच्या उलट बाजूला.

कुपी उजेडाकडे धरली. म्हटलं, "काका, हे शेपूट इकडे का?"

"सगळं करून झालं. म्हटलं, एकदा उलटं करून बघावं." त्यांनी माझ्या टेबलावरचा स्टेपलर सरळ केला. "तुला काही वाटतंय का याबद्दल?"

"नाही. काही नाही. घालून बघते."

कुपी शीतकपाटात ठेवली, मागच्या कप्प्यात. योगायोगच म्हणायचा. माणूस हताश झाला की वाट्टेल ते करून बघतो. काका थकलेत, चेहऱ्यावर दिसतं. त्यांना कळलं असतं तर त्यांनी सरळ विचारलं नसतं का? तसे ते स्पष्टवक्ते आहेत.

११ एप्रिल

बैठक झाली. प्रकल्प बंद.

मॅडम उगाच कठोर नव्हत्या. दोन वर्षं, एकशे बेचाळीस रेणू, धाकटीलाच निवडून लागेल असा एकही नाही, वर उंदरांचं ते प्रकरण. "काका, तुम्हीच सांगा, चुकलं कुठे?"

टेबलाभोवती अकरा जण. मी काकांच्या बरोबर समोर. काकांनी नवा चष्मा काढला, पुसला, घातला. माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखंच बघितलं, विशेष काही नाही, पण जरा जास्त वेळ. मला वाटलं, आता बोलावं. तोंड उघडलंसुद्धा होतं. बाजूच्याला वाटलं मला पाणी हवंय, त्यानं बाटली सरकवली आणि मी ती घेतली.

"नकाशातली रचना हातात होती," काका म्हणाले. "तिचा उपयोग करणं मला जमलं नाही."

काकांचा गट मोडला. त्यांच्या हाताखालचे दोघे दुसरीकडे. काकांना तीन वर्षं आधी निवृत्ती. मॅडमनी फार सन्मानानं सांगितलं.

आणि ती बाटली मी पूर्ण प्यायले.

३० एप्रिल

निरोप समारंभ. भाषण करायला मला सांगितलं, कारण आमची जोडी सगळ्यांना ठाऊक. मी केलं. लोक हसले, दोन ठिकाणी टाळ्या पडल्या. एकजण म्हणाला, फार मनापासून बोललात.

काकांच्या टेबलावरच्या वस्तू एकाच खोक्यात मावल्या. दारापर्यंत गेले सोबत. म्हणाले, "शीतकपाटातलं बघ सवडीनं." मी हो म्हटलं. मग म्हणाले, "जेवत जा नीट. वाळलीस."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि ते ढोंग झालं असतं म्हणून पडले नाही. मग वाटलं, न पडणं हेही ढोंगच.

१९ मे

अठरा दिवस काहीच लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं ते एकच, आणि ते तेच ते.

आज मॅडमनी बोलावलं. धाकटीवर नव्यानं काम सुरू करायचं आहे, मी प्रमुख. "तुमची रचना हाच आपला भक्कम पाया आहे." भिंतीवर तेच चित्र मढवून लावलेलं, लाल-हिरव्याविना. मी "विचार करून सांगते" म्हटलं तर त्या चकित झाल्या. लोक अशा वेळी विचार करत नाहीत.

घरी आले तर नवरा म्हणाला, "चांगली बातमी आहे आणि तुझं तोंड असं का?" म्हटलं, डोकं दुखतंय. त्यानं माझे डोळे तपासले. नंबर वाढलेला नाही म्हणाला.

८ जून

कुपी काढली.

का काढली ते सांगता येत नाही. मॅडमना होकार द्यायचा शेवटचा दिवस आज होता. शीतकपाटासमोर उभी राहिले आणि हात मागच्या कप्प्यात गेला. रेणू आठ दिवसांपूर्वी मुरत घातला असता तर आज उत्तर मिळालं असतं, असा शहाणपणा सुचला. मग लक्षात आलं, आठ दिवस नाही, नऊ आठवडे.

कुपी हातात फिरवली तेव्हा मागची चिठ्ठी पहिल्यांदा वाचली. बनवल्याची तारीख असते मागे, मी कधी बघत नाही. १२ फेब्रुवारी.

मला कळलं ते ३ मार्चला. काकांनी हा रेणू त्याच्या तीन आठवडे आधी केलेला होता. बरं, असा रेणू करायला दीड महिना तरी लागतो.

शीतकपाटाचं दार उघडंच राहिलं होतं, ते पीं-पीं करायला लागलं. मी तिथेच फरशीवर बसले.

"तुला त्या टोकाची खात्री आहे ना गं?" "मूळ फायली देशील का?" "तुला काही वाटतंय का?"

त्यांनी तीनदा विचारलं होतं. आणि मी त्यांना नकाशे वाचता येत नाहीत असं लिहून ठेवलंय, मागच्याच पानांवर.

१७ जून

स्फटिक मिळाला. एक्स-रे झाला. शेपूट फटीत आहे. पूर्ण आत, सुईत दोरा ओवल्यासारखं. लाल डाग नाही, हिरवा नाही, मी चाक खालपर्यंत फिरवून बघितलं.

लगेच दोघी बहिणींवर तपासून घेतला. धाकटीला गप्प करायला जेवढा लागतो, थोरलीला त्याच्या साठ पट. काकांच्या एकशे बेचाळिसांत चार पटीच्या पुढे एकही गेला नव्हता.

नाचायला हवं होतं. मी जाऊन तोंड धुतलं आणि मॅडमच्या दारावर टकटक केली.

सगळं सांगितलं. पान सत्त्याहत्तर, चाक, डाग, मार्चपासूनचं गप्प बसणं. मॅडमनी उठून खोलीचं दार लावलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"काकांना."

"ते बोललेले नाहीत."

"नाही."

"मग असं करू या. नवी रचना आली, जुनी सुधारली. शास्त्रात हे चालतंच. बाकीचं बोलायची गरज काय? तुमचंही नुकसान, संस्थेचंही."

त्या दुष्ट नाहीत. मार्चपासून मी स्वतःला हेच तर सांगत होते, फक्त त्यांचे शब्द जास्त व्यवस्थित होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते इतके घाणेरडे वाटले की मी उठून उभी राहिले.

"मॅडम, काका म्हणाले जमलं नाही. त्यांना जमलं होतं. ते सगळ्यांसमोर सांगायला हवं. तुम्ही बैठक बोलवा, नाहीतर मी कॅन्टीनमध्ये सांगते."

"आणि काकांना परत घेता येणार नाही. ती जागा आता नाही."

"माहीत आहे."

घरी नवऱ्याला सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मला काहीतरी आहे एवढं कळत होतं. मी वाट बघत होतो." मला इतका राग आला! सगळे माझी वाट बघत होते. कुणीतरी हात धरून विचारायचं ना. नंतर आठवलं, विचारलं होतं. मी डोकेदुखी सांगितली होती.

२१ जून

बैठक. तेच टेबल, या वेळी सव्वीस माणसं, काही उभी. दोन्ही नकाशे पडद्यावर लावले. जुना त्याच्या खऱ्या पातळीवर, डागांसकट. कुठे चाक फिरवलं ते फिरवून दाखवलं. नवा लावला. काकांच्या कुपीची तारीख वाचून दाखवली.

बोलताना आवाज फाटला नाही. तो फाटावा, म्हणजे लोकांना कीव येईल, अशी एक इच्छा मनात होती, ती इथे लिहून ठेवते.

 प्राण्यांची डॉक्टर मागून म्हणाली, "मग माझे ते तेवीस?"

"मी मार्चच्या तीन तारखेला बोलले असते तर एकशे अठरा खाली आलाच नसता. तू दहा तारखेला सुरू केलंस."

ती म्हणाली, "अकरा." आणि वहीत काहीतरी लिहिलं.

संग्रहातली माझी जुनी रचना मागे घेतली. त्या जागी नवी, कर्त्यांत आधी काकांचं नाव, मग माझं. मागे घेण्याचं कारण लिहायला एकच ओळ देतात. मी लिहिलं: रेणूची दिशा चुकीची होती आणि तशी शंका असल्याचे नोंदवले गेले नव्हते. "कुणी नोंदवले नव्हते?" असं मॅडमनी विचारलं.  मी ते बदलून "मी नोंदवले नव्हते" केलं.

प्रमुखपद अर्थातच दुसऱ्याकडे गेलं. शिकाऊ मुलांचा वर्गही. नोकरी राहिली.

२८ जून

काकांच्या घरी गेले. आधी फोन केला होता. ते "ये ना!" म्हणाले, जणू मी रोजच जाते. अकरा वर्षांत पहिल्यांदा गेले.

दार काकांच्या पत्नीनं उघडलं, उंच बाई. केस पांढरे, हातात भिंगाची काच. त्या घड्याळं दुरुस्त करतात, हे मला माहीत नव्हतं. काकांनी कधी सांगितलं नव्हतं, की मी कधी विचारलं नव्हतं?

काकांनी नवा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. बोटानं शेपटावरून फिरवलं. "गेलं की गं आत," म्हणाले. पुन्हा म्हणाले, "गेलं की."

मी म्हटलं, "काका, तुम्ही सरळ का नाही विचारलंत?"

"तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायची मला लाज वाटली. अगं, त्या पानावर माझीपण सही आहे. तो रेणू मला हवा तसा बसला होता, म्हणून मी तपासला नाही. शेपट्यांचे आकडे वर्षभर ओरडून सांगत होते. माझीच हिंमत होत नव्हती."

"आणि बैठकीत?"

"तुझी अजून वीस वर्षं आहेत. माझी तीन होती."

मी रडायला लागले. त्यांनी टेबलावरचा पंचा पुढे केला. "झालं ते झालं. आता हे बघ, या शेपटाला अजून एक कार्बन..." आणि कागदाच्या कोपऱ्यात चित्र काढायला लागले. मला इतकं हलकं वाटलं. तीन मार्चपासून पहिल्यांदाच श्वास पुरा आत गेला.

निघाले तेव्हा काका नकाशातच गुंगले होते. बाई जिन्यापर्यंत आल्या. दार मागे ओढून घेतलं.

"त्यांनी तुम्हाला माफ केलं ना?"

"हो," मी म्हटलं. डोळे अजून ओले होते.

"करणारच. त्यांचा स्वभाव आहे तो. माझा नाही." आवाज अजिबात चढला नव्हता. "मेपासून रोज सकाळी आठ वाजता ते कपाट उघडून उभे राहतात. कुठला शर्ट घालू, विचारतात. मी सांगते निळा घाला. घालतात आणि खुर्चीत बसतात. बाहेर जायचं कुठेच नसतं. ती तीन वर्षं त्यांची होती, त्यांनी तुम्हाला दिली असतील. माझीही होती. मला कुणी विचारलं नाही."

मी म्हटलं, "मी काय करू?"

"ते मला विचारू नका." मग म्हणाल्या, "आज दोन महिन्यांनी त्यांनी पेन्सिल हातात घेतली. ते मी बघितलं. म्हणून तुम्हाला या म्हणते. त्यांच्यासाठी. पण आता झालं गेलं विसरलात ना, असं मला कधी विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

खाली उतरताना पायऱ्या मोजल्या नाहीत, पण पाय जड होते. मघाचं हलकं वाटणं तेवढ्यापुरतंच होतं. आता जे आहे ते जड आहे, पण निदान त्याला आकार आहे.

५ जुलै

सुट्टी. काकांनी सांगितलेल्या कार्बनचा हिशोब, दोन नकाशे, मूळ फायली. सगळ्या. पिशवीत भरून दहा वाजता गेले.

बेल वाजवली. आतून घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती, एकीचा मेळ दुसरीशी नाही. बाईंनी दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. या म्हणाल्या नाहीत. जा असंही म्हणाल्या नाहीत. दारातून एक पाऊल बाजूला झाल्या, तेवढीच जागा झाली.

मी अंग चोरून आत गेले.